मुखपृष्ठावरचा नवरा

बायकोच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बायकोचा नवरा आहे आणि तो आपण नाही, ही गोष्ट एखाद्या माणसाने किती दिवस पचवावी, याला काही मर्यादा असते. निरीक्षकांची पचनशक्ती तशी दणकट. ती कशाने दणकट झाली होती, ते आधी सांगायला हवं.

निरीक्षक वजनमापे खात्यात होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, खरे निघाले तर शिक्का मारायचा, खोटे निघाले तर उचलून न्यायचे, हे पोटापाण्याचं काम. साहेब बाजारात शिरले की काटे आपोआप सरळ होतात, असं दुकानदार तोंडावर म्हणत. पाठीमागे काय म्हणत, ते लिहिण्याजोगं नाही. घरी मात्र निरीक्षकांचा उपयोग निराळा होता. बायको स्वयंपाकाचं पुस्तक लिहीत होती, आणि पुस्तक म्हटलं की खाडाखोड आलीच. कागदावरची खाडाखोड टोपलीत जाते. ओट्यावरची निरीक्षकांच्या पोटात जाई.

वरून कोळसा आणि आतून कच्ची अशी कोंबडी त्यांनी खाल्ली. चमच्याला सोडायला तयार नसलेलं सूप त्यांनी प्यायलं, म्हणजे चावलं. मधोमध खचलेल्या केकांची तर गणतीच नव्हती.

“कसं झालंय?” बायको विचारी.

“छान.”

“खरं सांगा.”

“छान म्हणजे... गिळता येतंय.”

मग बायको पुन्हा ओव्हन लावी. पदार्थ एकदाचा जमला की तो शेजारी जाई, पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या तिच्या आईकडे, म्हणजे निरीक्षकांच्या सासूबाईंकडे जाई, प्रकाशकाकडे डब्यातून जाई. निरीक्षकांना जमलेल्या पदार्थाची फक्त वार्ता कळे. तरी त्यांची तक्रार नव्हती. उलट, पुस्तक निम्मं आपलंच आहे असं त्यांना मनोमन वाटे. आपल्या वाट्याचं निम्मं फसलेलं आहे, एवढाच काय तो फरक.

पुस्तकाचा विषय होता थंडीतल्या सुट्टीचा स्वयंपाक. वर्षभर चार दिशांना पांगलेली माणसं सुट्टीला घरी येतात, एका टेबलाभोवती बसतात. त्यांना काय वाढावं, आणि ती एकमेकांच्या उरावर बसू नयेत म्हणून काय वाढू नये. प्रकाशकाला कल्पना फारच आवडली. त्याची अट एकच होती, फोटोत भाड्याची माणसं नकोत.

“ताई, खरं घर, खरं टेबल, खरी माणसं,” तो म्हणाला. “लोकांना हल्ली खरं पाहिजे असतं. खोटं त्यांच्या घरी असतंच.”

पहिल्या पानावर टाकायची ओळ त्याने तिथल्या तिथे सांगितली: ‘छायाचित्रांतलं कुटुंब लेखिकेचं स्वतःचं आहे.’ आणि सुरुवातीची पानं लगेच छापूनही टाकली, कारण छापखाना त्या आठवड्यात मोकळा होता. फोटो अजून निघायचे होते, पण कुटुंब कुठे पळून जाणार होतं?

निरीक्षकांनी त्या दिवसासाठी केस कापून घेतले.

सुट्टीचं पुस्तक सुट्टीआधी दुकानात पोचायचं, तर त्याचे फोटो भर उन्हाळ्यात काढावे लागतात. हे एरवी कुणाच्या ध्यानात येत नाही. निरीक्षकांच्या आलं तेव्हा ते गळाबंद लोकरी स्वेटर घालून, खिडक्यांचे पडदे ओढलेल्या खोलीत, दोन धगधगत्या दिव्यांसमोर बसले होते. पंखा बंद होता, कारण पंख्याने मेणबत्तीची ज्योत हलते. सासूबाईंनी शाल पांघरली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीला आलेल्या लेकीने गळ्याला मफलर गुंडाळला होता. बायकोने मनगटापर्यंत बाह्यांचा गरम ब्लाउज घातला होता. बायकांना घाम येत नव्हता असं नाही, पण तो शिस्तीत येत होता. निरीक्षकांचा धरण फुटल्यासारखा आला.

“काका, तुम्ही चकाकताय,” छायाचित्रकार बाई म्हणाली. कमी बोलणारी, कात्रीसारखी बाई होती.

पावडर लावली. पावडरीचे ओहोळ झाले.

“काका, आता गळताय.”

एक थेंब नाकाच्या शेंड्यावरून सुटला तो थेट सुपात पडला. सूप फोटोसाठी म्हणून वॉर्निश मारून चकचकीत केलेलं होतं, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही, पण बाईचं बिघडलं.

“आपल्याला न घामणारा माणूस लागेल,” ती म्हणाली, आणि तिने फोन लावला.

असा माणूस असतो, आणि तो धंदा म्हणून असतो, हे निरीक्षकांना त्या दिवशी कळलं. थोड्या वेळाने तो आला. उंच, केस कानांवर शोभतील इतकेच पिकलेले, कपाळ इस्त्री केल्यासारखं. ब्लँकेटांच्या, हीटरच्या, कफाच्या औषधांच्या जाहिराती भर उन्हात करून त्याने आयुष्य काढलं होतं. विम्याच्या एका जाहिरातीत तो भिंतीवरच्या फोटोतला दिवंगत नवराही होता. लेकीने त्याचं नाव तिथेच कोरडेराव ठेवलं.

“स्वेटर काकांचाच द्या,” बाई म्हणाली. “टेबलावरच्या कापडाला शोभतो तो.”

निरीक्षकांच्या अंगावरचा स्वेटर निघाला, केस वाळवायच्या यंत्राने वाळला, आणि कोरडेरावांच्या अंगावर चढला. बसला असा, की मापानेच विणला असावा. आणि निरीक्षक मोकळेच होते म्हणून त्यांच्या हातात एक चंदेरी पत्रा देण्यात आला. दिव्याचा उजेड त्याच्यावर घेऊन टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसाच्या तोंडावर टाकायचा होता. मुखपृष्ठावर कोरडेरावांच्या चेहऱ्यावर जे तेज आहे, ज्याचं पुढे पुष्कळ कौतुक झालं, ते निरीक्षकांनी पाडलेलं आहे.

फोटोत कोरडेराव पाव कापताहेत. बायको शेजारी बसून त्यांच्याकडे बघतेय आणि हसतेय. हे हसणंच निरीक्षकांच्या घशात अडकलं. बाकी सगळं उतरलं असतं.

“त्याच्याकडे बघून एवढं काय हसलीस?” त्यांनी पुस्तक घरी आलं त्या दिवशी विचारलं.

“बाई म्हणाली हसा, हसले.”

“मी म्हणतो तेव्हा नाही हसत.”

“तुम्ही कधी म्हणालात?” बायकोने विचारलं. निरीक्षकांनी आठवून पाहिलं, आणि विषय बदलला.

पुस्तक खपलं. नुसतं खपलं नाही, दिसेल तिथे दिसायला लागलं. निरीक्षक एका किराणा दुकानात काटा तपासायला गेले, तर गल्ल्याशेजारी ते उभं.

“सुनेने आणलंय, साहेब,” दुकानदार कौतुकाने म्हणाला. “म्हणते, नवरा असावा तर असा. बघा ना, काय समाधानी माणूस! बायकोच्या हातचं खाऊन अंगावर तेज चढलंय नुसतं.”

निरीक्षकांनी त्याचा काटा तपासला. पुन्हा तपासला. सगळी वजनं उलट क्रमाने ठेवून परत तपासला. काटा खरा निघाला. इतकं वाईट त्यांना नोकरीत कधी वाटलं नव्हतं.

पुस्तकांच्या दुकानांतही ते जाऊ लागले. पुढे मांडलेल्या ढिगाजवळ उभं राहायचं, इकडेतिकडे बघायचं, आणि कोरडेरावांच्या तोंडावर मूळव्याधीवरचं एखादं जाडजूड पुस्तक अलगद ठेवायचं, की निघायचं. यात बायकोचाही चेहरा झाकला जाई आणि पुस्तकाचा खपही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण जळणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराचं छप्परही इंधनच वाटतं.

अशात थंडी पडली, सुट्ट्या तोंडावर आल्या, आणि एक दिवस प्रकाशक स्वतः घरी आला. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या, लेक अजून यायची होती.

“ताई, तोंड गोड करा!” तो म्हणाला. “मोठ्या मासिकाची बाई येतेय. सुट्टीच्या जेवणाला. इथे, तुमच्याकडे. सगळं कुटुंब टेबलाभोवती, आणि ती एका खुर्चीत. चार पानं देणार आहेत. दुसरी आवृत्ती म्हणजे आता काळ्या दगडावरची रेघ.”

“येऊ द्या की,” निरीक्षक म्हणाले. “घर आहे, टेबल आहे, आम्ही आहोत.”

प्रकाशकाने त्यांच्याकडे दारातून आत न जाणाऱ्या कपाटाकडे बघावं तसं बघितलं.

“साहेब, त्या दिवशी तुम्ही कुठे असाल?”

“माझ्या घरी.”

“नाही, म्हणजे... कुणाकडे जाण्यासारखं काही?”

“माझ्या घरी,” निरीक्षक म्हणाले. “आणि तुमच्या पहिल्या पानावर जे छापलंय ते खोटं आहे.”

“छापलं तेव्हा खरं होतं, साहेब. घाम तुम्हाला नंतर आला.”

यावर काय बोलावं हे खात्याच्या कुठल्याच नियमात नव्हतं. निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. पुस्तकासाठी ती किती वर्षं ओट्यापाशी उभी राहिली होती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिने हात पुसले.

“तुम्ही नको म्हणालात तर मी नको म्हणून सांगेन,” ती म्हणाली.

बायको असं म्हणाली की नवऱ्याला नको म्हणायची सोय उरत नाही. निरीक्षकांनी थोडा वेळ घेतला, पण तो नुसता घ्यायचा म्हणून.

“त्याला बसवा,” ते म्हणाले. “पण मी घराबाहेर जाणार नाही. माझ्या टेबलावर माझ्यामागे काय चालतं ते मला बघू दे.”

“मग तुम्ही कोण म्हणून बसणार?” प्रकाशकाने विचारलं.

“माझा मुलगा म्हणून बसू दे,” सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. त्यांना मुलगा नव्हता. “लेखिकेचा भाऊ. मला मेलीला एक मुलगा हवाच होता.”

अशा रीतीने निरीक्षक स्वतःचेच मेहुणे झाले.

रात्री अंथरुणात ते स्वतःशी म्हणाले, की आपल्याला फार काही नको. चार पानांत आपलं नाव नको, फोटो नको. एकच बघायचंय. त्या माणसाला खुर्ची मिळाली, स्वेटर मिळाला, तेज मिळालं. बायकोच्या मनातली जागा तरी आपली आहे की तीही टेबलावरच्या कापडाला कोण शोभतो ते बघून दिली जाते?

जेवणाच्या दिवशी कोरडेराव फुलं घेऊन आले. दारात त्यांनी सवयीने “नमस्कार, वहिनी” म्हटलं, जीभ चावली, आणि घसा खाकरून “आलो गं” म्हणाले. लेक हसू दाबायला आतल्या खोलीत पळाली. मासिकवाली आली ती हसतमुख, तरुण, हातात रेकॉर्डर. तिने तो टेबलाच्या मधोमध, भाजलेल्या कोंबडीशेजारी ठेवला. कोरडेराव टोकाच्या खुर्चीत. शेजारी बायको. मग सासूबाई, लेक, मासिकवाली. भावाला दाराजवळचं स्टूल आलं, कारण भावाने ऊठबस करायची असते.

“आणि हा माझा दादा,” बायको म्हणाली. तिचा आवाज किंचित अडखळला. “अरे दादा, ते सूप इकडे दे ना.”

लग्नाला इतकी वर्षं होऊन बायकोने त्यांना ‘अरे’ म्हटलं नव्हतं. निरीक्षकांनी सूप दिलं. पण खरा घाव पुढे होता.

“अहो,” बायको म्हणाली.

निरीक्षकांनी मान वर केली. ‘ओ’ ओठांपर्यंत आली होती. बायकोचं तोंड दुसरीकडे होतं.

“अहो, घ्या ना, लाजताय काय स्वतःच्या घरी?”

“घेतो ना,” कोरडेराव म्हणाले, आणि घेतलं. मनापासून घेतलं. फोटोच्या दिवशी त्यांना वॉर्निशचं सूप नुसतं समोर ठेवून बसावं लागलं होतं. आज माणूस जन्माचा उपाशी असल्यासारखा जेवत होता, आणि प्रत्येक घासाला डोळे मिटत होता. जमलेला पदार्थ खाताना माणूस कसा दिसतो, ते निरीक्षक प्रथमच इतक्या जवळून बघत होते.

“अरे, बसलायस काय नुसता?” सासूबाई कडाडल्या. “ऊठ, पाण्याचा जग भरून आण. लहानपणापासून हा असाच, बरं का. सांगितल्याशिवाय हलायचा नाही.”

आजवर त्या निरीक्षकांना ‘अहो जावईबापू’ म्हणत आल्या होत्या आणि त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. ते सगळं कुठे साठवलं होतं, ते आता कळलं. निरीक्षक पाणी घेऊन आले तर त्यांनी ग्लास बदलायला सांगितले. ग्लास बदलले तर खिडकी लावायला सांगितली.

“मामा, बटाटे द्या ना,” लेक म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते, आणि ते मायेने नव्हते. “मामा, मीठ. मामा, तुम्ही किती गोड आहात.”

बटाट्यांचा ट्रे एका कडेला करपला होता. निरीक्षकांनी सगळ्यांना वाढलं आणि कडेचे काळे तेवढे निवडून कोरडेरावांच्या ताटात ठेवले. बायकोने ते पाहिलं. ती उठली.

“दादा, जरा आत ये.”

स्वयंपाकघरात शिरताच ती वळली. “करपलेले त्यांना का वाढलेत?”

“नवऱ्याने खायचे असतात ते. इतकी वर्षं मी खातोय, आज त्याने खावेत. पद सांभाळायचं तर जबाबदारीही सांभाळायला हवी.”

“अहो, हळू! बाहेर ऐकू जाईल.”

“आता ‘अहो’ म्हणालीस.”

“इथे कोण ऐकतंय?”

“मी ऐकतोय,” निरीक्षक म्हणाले.

बायकोने आणखी एक वाटी त्यांच्या हातात दिली, पदर सारखा केला, आणि दोघं बाहेर आली. पुढे बहीण, मागे भाऊ.

मासिकवाली कोरडेरावांना प्रश्न विचारत होती. बायकोच्या हातचं सगळ्यांत काय आवडतं? “सगळंच,” कोरडेराव म्हणाले. पुस्तक लिहिताना तुम्हाला काय अनुभव आला? “सुंदर अनुभव होता.” पहिला घास तुम्हालाच मिळत असेल ना? “नेहमीच.” ब्लँकेटच्या जाहिरातीतल्या आवाजात ते बोलत होते, ऐकताना ऊब येई आणि पाठोपाठ झोप. मासिकवालीने जांभई दाबली आणि स्टुलाकडे वळली.

“आणि मामा, तुमच्या मिसेस नाही आल्या?”

टेबलावरचे चमचे थांबले. सासूबाईंनी मुलगा मागून घेतला होता, सून मागायची राहिली होती.

“ती कामात असते,” निरीक्षक म्हणाले. आणि एवढ्यावर थांबायचं, तर पुढचं तोंडातून निघूनच गेलं. “पुस्तक लिहिते.”

“अय्या, त्याही? कसलं?”

“स्वयंपाकाचं.”

“म्हणजे नणंद-भावजय दोघी!” मासिकवाली सावरून बसली. “मग खरं सांगा हं, कुणाच्या हाताला चव जास्त?”

“बायकोच्या.”

“दादा!” बायको म्हणाली.

“विचारलं म्हणून सांगतोय.” निरीक्षकांनी ताटाकडे बघतच पुढे म्हटलं, “हिचं वाईट नाही. आता हे सगळं जमलंय, दिसतंय, यजमान डोळे मिटून खाताहेत. जमलेलं काय, कुणालाही वाढता येतं. पाहुण्याला वाढता येतं, रस्त्यावरच्या माणसाला बोलावून वाढता येतं. पण माझी बायको तिचं फसलेलं मला वाढते. खचलेला केक. कोळसा झालेली कोंबडी. दार लावून घेते आणि म्हणते, खा, आणि खरं सांगा. दुसऱ्या कुणाला ती ते दाखवणारसुद्धा नाही. स्वतःच्या आईलाही नाही.”

“ते मात्र खरं,” सासूबाई नकळत म्हणाल्या, आणि मग त्यांना आपण कुणाची आई आहोत तेच आठवेना.

रेकॉर्डरचा लाल ठिपका तेवढा जळत होता. बायको मान खाली घालून टेबलक्लॉथची सुरकुती बोटाने सरळ करत होती. ती सरळच होती.

कोरडेरावांनी चमचा खाली ठेवला. “भाग्यवान आहात,” ते म्हणाले, आणि या वेळी आवाज जाहिरातीतला नव्हता. “मी इतक्या टेबलांवर बसलो. मला कुणी कधी फसलेलं वाढलं नाही.”

निरीक्षकांनी या माणसाकडे आयुष्यात प्रथमच सुखाने पाहिलं. मग त्यांनी ट्रे उचलला, उरलेल्यांतला सगळ्यांत काळा बटाटा शोधला, आणि तो कोरडेरावांच्या ताटात वाढला.

“अहो, राहू दे ना!” बायको पटकन म्हणाली.

दोन माना एकदम वर झाल्या. बायको कुणाकडे बघत होती, हे निरीक्षकांना दिसलं. ते ट्रे घेऊन उभेच होते, आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

“काय म्हणालीस?” कोरडेरावांनी मायेने विचारलं.

“तुम्हालाच म्हटलं,” बायको सावरून म्हणाली, आणि त्यांच्याकडे वळून गोड हसली. “करपलेलं राहू द्या बाजूला. हे घ्या.” मांडीचा तुकडा तिने स्वतःच्या हाताने त्यांना वाढला.

म्हणजे जे हवं होतं ते निरीक्षकांना मिळालं, आणि मिळाल्यामिळाल्या तुकड्यासकट शेजारच्या ताटात गेलं.

मासिकवाली जाताना बायकोचा हात हातात घेऊन म्हणाली, “तुमचे मिस्टर चांगलेच आहेत, पण भाऊ म्हणजे हिरा.” कोरडेरावांना लेकीने उरलेल्या केकचा डबा दिला. दार लागल्यावर बायको खुर्चीत बसली.

“तुमची ती बायको,” ती म्हणाली, “भलतीच गुणी दिसतेय. माझी कधी गाठ नाही पडली.”

“लाजाळू आहे. फारशी कुणात मिसळत नाही.”

“तिच्याबद्दल बोलताना तुमचा चेहरा काय फुलला होता! माझ्याबद्दल म्हणालात काय, तर वाईट नाही.”

“अगं, ती म्हणजे तूच ना?”

“मला काय माहीत?” बायको ताटं उचलत म्हणाली. “तोंडावर तर मला नुसतं ‘गिळता येतंय’ म्हणता.” आणि नसलेल्या भावजयीवर ती पुढचे दोन दिवस धुसफुसत राहिली. निरीक्षकांना हे दोन दिवस फार बरे गेले. घरात जळणारं आणखी कुणी आहे, म्हटलं की धूर वाटून घेता येतो.

मासिक आलं. चार पानांतली निम्मी भावाने व्यापली होती. कोरडेरावांना एक वाक्य होतं: ‘यजमान आनंदाने जेवत होते.’ निरीक्षकांनी ते वाक्य वाचून दाखवलं, मग दुसऱ्या चष्म्याने पुन्हा वाचून दाखवलं. प्रकाशक त्याच आठवड्यात पेढ्यांऐवजी नवीन करार घेऊन आला.

“साहेब, कमाल केलीत! पत्रांवर पत्रं येताहेत. लोक विचारताहेत, त्या भावजयीचं पुस्तक कुठे मिळेल? आता मी काय सांगू त्यांना? ते जाऊ दे. ताई, पुढचं पुस्तक काढायचं, माहेरचं टेबल. लहानपणी घरात शिजायचं ते. आणि मुखपृष्ठावर,” त्याने हवेत चौकट काढली, “हे!”

“मी?” निरीक्षकांनी विचारलं.

“तुम्हीच. भाऊ. मधोमध. इकडे आई, तिकडे भाची. आणि टोकाला यजमान, त्यांच्या शेजारी ताई.”

निरीक्षकांच्या तोंडावर चढू लागलेलं तेज तिथेच थांबलं.

“यजमानांचं काय काम?”

“नवरा नको? लोकांना सवय झालीय त्यांची.”

“माहेरपणाला कुणी नवरा घेऊन येतं का? आईकडे चार दिवस निवांत बसायचं, तर हा शेजारी पाव कापत बसणार?”

“पण साहेब, लोक विचारतील ना, नवरा कुठे गेला?”

“बाहेरगावी,” निरीक्षक म्हणाले.

प्रकाशकाने त्यांच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. “म्हणजे... तुम्हीच सांगताय तसं छापायला?”

“छापा. पहिल्याच पानावर छापा. लेखिकेचे यजमान कामानिमित्त बाहेरगावी असतात. लांब असतात.”

प्रकाशकाने लिहून घेतलं आणि, छापखाना मोकळा असल्यामुळे, लगेच निघाला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात झारा होता.

“बाहेरगावी गेलेत,” ती म्हणाली. “परत कधी येणार, काही कळवलंय?”

निरीक्षकांनी प्रामाणिकपणे विचार केला. त्या माणसाला परत बोलावण्यासारखं त्यांना काही सापडेना.

“नक्की नाही.”

“मग जेवायला थांबायचं की नाही त्यांच्यासाठी?”

“नको,” निरीक्षक म्हणाले, आणि टोकाची खुर्ची ओढून तिच्यावर बसले.